समर फेलोशिप, पाच दिवसांची कार्यशाळा की केगाव? सोलापूरच्या मॉलिक्युलर बायोलॉजीवाल्यांसाठी

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं की मॉलिक्युलर बायोलॉजी, म्हणजे जनुकांच्या आणि रेणूंच्या पातळीवरचं जीवशास्त्र, शिकणाऱ्या एमएस्सीच्या मुलांचं एकच पालुपद सुरू होतं. "मॅडम, उन्हाळ्यात काय करू?" यंदा एक मुलगी वहीच्या मागच्या पानावर चार रकाने आखूनच आली. पहिल्यात अकादमीची समर फेलोशिप, दुसऱ्यात एका खासगी संस्थेची पाच दिवसांची कार्यशाळा, तिसऱ्यात एनपीटीईएल, म्हणजे आयआयटी वगैरेंचे ऑनलाइन कोर्स, चौथ्यात नुसतं प्रश्नचिन्ह. डावीकडे खर्च, दिवस, सर्टिफिकेट अशा ओळी. मी तिला खाली आणखी एक ओळ लिहायला लावली: "इथे माझ्या हातून प्रयोग फसेल का?" तिला वाटलं, मी गंमत करतेय.

गंमत नव्हती. डाळिंबाचंच घ्या, आपल्या जिल्ह्याचं पीक. पानातून डीएनए काढायचा तर सगळे सीटॅब नावाच्या साबणासारख्या रसायनाची पद्धत वापरतात. पान द्रव नायट्रोजनमध्ये कुटायचं, ६५ अंशांच्या बफरमध्ये ठेवायचं, क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोलनं धुवायचं, आयसोप्रोपेनॉल घालून डीएनए खाली बसवायचा. कागदावर अर्ध्या पानाचा प्रोटोकॉल. प्रत्यक्षात पहिल्यांदा करणाऱ्याच्या ट्यूबच्या तळाशी चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी गोळी बसते. डाळिंबाच्या पानात पॉलिफेनॉल भरपूर असतात. पेशी फुटल्या की ते हवेनं काळवंडतात आणि डीएनएला चिकटून बसतात. मग पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची प्रक्रिया, लावला तरी जेलवर त्या प्रतींचा पट्टा, म्हणजे बँड, काही दिसत नाही. अशा वेळी कोवळी पालवी घ्यायची, बफरमध्ये पॉलिफेनॉलना आवर घालणारी पीव्हीपी आणि बीटा-मरकॅप्टोइथेनॉल ही रसायनं घालायची, आणि एवढं करूनही पीसीआर रुसलाच तर डीएनए दहापट पातळ करून पाहायचा. डीएनए कमी झाला तरी त्याच्यासोबत अडथळा आणणारी घाणही पातळ होते, आणि कित्येकदा तेवढ्यानं बँड येतो. हे शहाणपण प्रोटोकॉलच्या कागदातून येत नाही, तीन वेळा तपकिरी गोळी पाहिल्यावर येतं. तेवढी सवड कोणत्या पर्यायात मिळते, हे बघून मी निवड करते.

त्या हिशेबानं पाच दिवसांची फी भरून केलेली कार्यशाळा माझ्या यादीत तळाला जाते. यात माझा थोडा राग आहे, तोही सांगून टाकते. एमएस्सीला असताना घरून पैसे मागून मी अशाच एका कार्यशाळेला गेले होते. तीस मुलं, एक पीसीआर मशीन, पिपेट मोजून चार. पाच दिवसांत पिपेट माझ्या हातात दोनदा आली, तीही जेलच्या खाचेत रंग भरायला. टेम्प्लेट (ज्याच्या प्रती काढायच्या तो डीएनए) त्यांचंच, प्रायमर (प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) त्यांचेच, तापमानं मशीनमध्ये आधीच भरलेली. बँड अर्थातच झकास आला. सर्टिफिकेट आजही फाइलमध्ये आहे, जाडजूड कागदाचं.

सगळ्याच कार्यशाळा अशा नसतात. ज्याच्याकडे स्वतःचे नमुने तयार आहेत आणि गाडी एकाच तंत्रापाशी अडली आहे, त्याला चार दिवसही पुष्कळ होतात. समजा तुम्ही पीएचडीला आहात, आरएनए काढलेला आहे आणि रिअल-टाइम पीसीआरचा डेटा कसा वाचायचा तेवढंच कळत नाही. किंवा प्रोटीन शुद्ध करताना कॉलमवर सगळं वाहून जातंय. अशा माणसानं जरूर जावं. जीवशास्त्रातल्या तंत्रसुविधा पुरवणारं बंगळुरूचं सी-कॅम्प किंवा मोठ्या राष्ट्रीय संस्था अशा तंत्रनिहाय कार्यशाळा घेतात, तिथे शिकवणारी माणसं रोज तेच काम करणारी असतात. फी भरण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा. एका पिपेटमागे किती जण? स्वतःचा नमुना आणता येईल का? प्रायमर आम्ही डिझाइन करायचे की तयार मिळणार? उत्तर देताना समोरचा चाचरला की समजायचं ते समजा.

समर फेलोशिपची गोष्ट वेगळी. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तीन अकादम्या मिळून हा कार्यक्रम चालवतात. साधारण आठ आठवडे देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम, विद्यावेतन आणि जाण्यायेण्याचं भाडं. शिक्षकांनाही अर्ज करता येतो, हे आपल्याकडच्या कॉलेजांत फारसं कुणी सांगत नाही. अर्ज नोव्हेंबरच्या आसपास भरावा लागतो. आपली मुलं दिवाळीच्या फराळातून उठून फॉर्म शोधायला लागतात तोवर मुदत संपत आलेली असते. तुम्हाला काय करायचंय ते थोडक्यात लिहावं लागतं, आणि तिथेच बहुतेक अर्ज मरतात. "मला जनुकशास्त्राची लहानपणापासून आवड आहे" हे वाक्य मी दरवर्षी खोडते. त्याऐवजी "डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या जिवाणूची ओळख पीसीआरनं पटवताना खोटे पॉझिटिव्ह का येतात" असं काही लिहिलं, तर वाचणारा निदान पुढची ओळ वाचतो.

तोटेही ऐका. निवड होईलच याची खात्री नाही. गाइड आपल्या पसंतीचाच मिळेल असं नाही. आठ आठवड्यांतले पहिले दहा दिवस तर ग्लोव्हज कुठे, कचरा कुठे आणि कोणत्या फ्रीजला हात लावायचा नाही, हे शिकण्यात जातात. आपल्या परीक्षा लांबल्या तर तारखांची ओढाताण वेगळीच. ती होणार असं दिसलं की गाइडला आधीच कळवा. गप्प राहून उशिरा पोहोचणाऱ्यापेक्षा आधी सांगणारा बरा वाटतो.

तरीही फुकटात मिळणारं सगळ्यात चांगलं प्रशिक्षण हेच. अर्थात, चौथ्या सेमिस्टरचं डिसर्टेशन, म्हणजे संशोधन प्रकल्प, बाहेर करायची परवानगी तुमच्या विभागाकडून मिळत असेल, तर मी फेलोशिपपेक्षाही त्याला वर ठेवीन. सहा महिन्यांत प्रयोग फसतो, कारण सापडतं आणि पुन्हा करून पाहायला वेळही उरतो. आठ आठवड्यांत बहुधा फसण्यापर्यंतच पोहोचता येतं.

डिसर्टेशनसाठी सोलापूरकर डोळे मिटून पुणे म्हणतो. पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या आसपास. दोन्ही एकाच महामार्गावर, ६५ नंबरच्या, आपण मध्ये. पुण्यात पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि तिला खेटून आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था), विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र), शिवाय आघारकर संस्था. एका शहरात इतक्या दारांवर टकटक करता येणं ही मोठी सोय आहे. एका प्रयोगशाळेतून नकार आला तर दुसरी रिक्षाच्या अंतरावर. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जाऊन भेटून रात्री परत येता येतं. पण मुंबई, नाशिक, नागपूर, अख्खा महाराष्ट्र तिथेच अर्ज करतो, आणि खोलीचं भाडं ऐकून बापाचा चेहरा उतरतो.

हैदराबादला सीसीएमबी, म्हणजे पेशी आणि रेणू जीवशास्त्राचं केंद्र, आहे आणि डीएनए फिंगरप्रिंटिंगचं सीडीएफडीही. पेशी आणि रेणूंच्या पातळीवरचं काम हवं असेल तर सीसीएमबीच्या तोडीच्या जागा देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. सोलापूरच्या मुलांकडे एक भांडवल आहे, ते त्यांना स्वतःलाच दिसत नाही. शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलली जाते. माझ्या वर्गातली एक पद्मशाली मुलगी मुलाखतीला गेली तेव्हा फाटकावरच्या वॉचमनपासून लॅब असिस्टंटपर्यंत सगळ्यांशी तेलुगूत बोलून आली. निवड अर्थातच कामावर झाली, पण पहिल्या आठवड्यातला परकेपणा तिच्या वाट्याला आला नाही. वनस्पती, एंझाइम, रसायनाच्या अंगानं जाणारं काम आवडत असेल तर पुणे, जनुकं, पेशी, जनुकीय आजार यांत रस असेल तर हैदराबाद, असं मी ढोबळमानानं सांगते. आयसरमध्ये दोन्ही सापडतं, तेव्हा हा नियम दगडावर कोरू नका.

दोन्हीकडे ईमेल मात्र नीट लिहायची. त्या शास्त्रज्ञाचे अलीकडचे दोन पेपर वाचा, त्यातल्या एका आकृतीबद्दल एक खरा प्रश्न विचारा, स्वतःला काय करता येतं ते दोन ओळींत सांगा, तारखा लिहा, संपवा. एकच मजकूर चाळीस जणांना पाठवलात तर तो चाळीस जणांना ओळखू येतो. आणि दर शनिवारी घरी यायचं ठरवून जाऊ नका. सेल कल्चरला रविवार नसतो.

आता त्या चौथ्या रकान्यातलं प्रश्नचिन्ह. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं, २००५ पासूनचं. आपलं विद्यापीठही त्याच बाजूला. पुण्याची बस त्यांच्यासमोरून जाते आणि आपण खिडकीतून बघतही नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हे. शेतकरी ज्याला तेल्या म्हणतो तो झँथोमोनास जातीच्या जिवाणूमुळे होणारा रोग. फळावर तेलकट डाग पडतात, ते तडकतं, बाग हातची जाते. रोगकारकाची डीएनएवरून ओळख, वाणांची डीएनए-खुणांवरून पारख, रोग अंगावर आल्यावर झाडातली कोणती जनुकं जागी होतात याचा शोध, हे सगळं मॉलिक्युलर बायोलॉजीच आहे, फक्त उंदरांऐवजी झाडांवर. जागा आहे का, डिसर्टेशनसाठी घेतात का, शुल्क किती, हे विभागाचं पत्र घेऊन प्रत्यक्ष जाऊन विचारा. कॅन्सर किंवा मेंदूवरच काम करायचंय असा हट्ट असेल तर ही जागा तुमची नाही. ज्याला घरचं जेवण सोडायचं नाही, किंवा घरी आजारी माणूस आहे, त्याच्यासाठी यापेक्षा सोपं दार मला दिसत नाही.

लॅपटॉपवरचं प्रशिक्षण मी वेगळ्या पंगतीला बसवते, कारण ते वरच्या कशाच्याच आड येत नाही. एनपीटीईएलचे कोर्स बघायला पैसे लागत नाहीत. परीक्षा द्यायची तर हजारएक रुपये आणि केंद्रावर प्रत्यक्ष हजेरी. गुणांपैकी २५ टक्के असाइनमेंटचे, ७५ टक्के परीक्षेचे. पाया कच्चा असेल तर बारा आठवड्यांचा एखादा कोर्स मनापासून करावा. पण एका सेमिस्टरला चार-चार कोर्स भरणारी मुलं मी पाहिली आहेत, व्हिडिओ दीडपट वेगानं पळवतात आणि डीएनए कापणारं रेस्ट्रिक्शन एंझाइम कुठे कापतं ते विचारलं की छताकडे बघतात.

त्यापेक्षा हात चालवा, भले माउसवर. अमेरिकेतल्या एनसीबीआय संस्थेचं प्रायमर बनवायचं साधन, प्रायमर-ब्लास्ट, फुकट आहे. डाळिंबाचा जीनोम २०१७ सालीच प्रसिद्ध झाला, त्यातलं एक जनुक उचला आणि स्वतः प्रायमर बनवा. वीसेक बेसचे, वितळण्याचं तापमान साठच्या आसपास, दोघांत दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक नको, शेवटचं टोक एकमेकांना चिकटणारं नको. संध्याकाळभराचं काम आहे, पण ज्यानं ते एकदा केलं त्याला पीसीआर फसल्यावर कुठे बघायचं ते कळतं. आरएनए-सीक्वेन्सिंगचा, म्हणजे कोणती जनुकं किती चालू आहेत ते दाखवणारा, डेटा शिकायचा असेल तर गॅलक्सी हे इंटरनेटवरचं मोफत साधन वापरा. सगळी आकडेमोड त्यांच्या सर्व्हरवर होते, त्यामुळे चार जीबीचा जुना लॅपटॉपही चालतो, आणि टप्प्याटप्प्याचे धडे सरावाच्या डेटासकट ठेवलेले आहेत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ ला टेकतो तेव्हा बाहेर पडण्यापेक्षा हे बरं. प्लाझ्मिड (जिवाणूतली डीएनएची छोटी वर्तुळं) आणि क्लोनिंगसाठी, ती वर्तुळं पुरवणाऱ्या अ‍ॅडजीनच्या संकेतस्थळावरचे प्रोटोकॉल मी आजही वर्गात उघडते. युरोपातल्या ईएमबीएल-ईबीआयचे ऑनलाइन धडेही मोफत आहेत, थोडे कोरडे असले तरी.

पेपर वाचायला मिळत नाहीत ही तक्रार आता निम्मीच खरी. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेतून सरकारी उच्चशिक्षण संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिकं उघडी झाली. विद्यापीठात असाल तर ग्रंथपालांकडून लॉगिन मागून घ्या. खासगी कॉलेजात असाल तर पबमेड सेंट्रल, बायोआर्काइव्ह ही मोफत संकेतस्थळं, आणि तेही नसेल तर लेखकालाच मेल. लेखक पेपर पाठवतात, खुशीनं पाठवतात.

पीएचडीवाल्यांसाठी दोनच गोष्टी. उपकरण नाही म्हणून काम थांबलं असेल तर आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली उपकरणं शोधून वेळ आरक्षित करता येते. आणि भारत २०१६ पासून एम्बो या युरोपीय रेणू जीवशास्त्र संघटनेच्या परिषदेचा सहयोगी सदस्य असल्यामुळे एम्बोच्या फेलोशिप आणि अनुदानांसाठी इथल्या संशोधकांनाही अर्ज करता येतो. इतक्या लांबचं आपल्याला कोण देणार, असं स्वतःच ठरवून बसू नका.

त्या मुलीनं शेवटी कार्यशाळेचा रकाना उभी रेघ मारून खोडला. फेलोशिपचा अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी गेला. चौथ्या रकान्यातल्या प्रश्नचिन्हावर तिनं "केगाव, सोमवारी" असं लिहिलं. जाताना दारात थांबून म्हणाली, "मॅडम, पण तिथे सर्टिफिकेट देतात का?" मी तिला माझ्या फाइलमधलं जाडजूड कागदाचं काढून दाखवलं. तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "छान छापलंय."