लिनक्सवर गेम खेळायचे तर: स्टीमच्या प्रोटॉनचे परीक्षण

लिनक्स वापरणाऱ्याला गेम खेळायचे असतील, तर हार्डडिस्कचा एक भाग विंडोजसाठी राखून ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, ही समजूत बरीच वर्षे खरी होती. व्हॉल्व्ह कंपनीने २१ ऑगस्ट २०१८ रोजी स्टीम या आपल्या ऑनलाइन गेम-दुकानात प्रोटॉन हे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारे साधन आणले आणि तेव्हापासून ती हळूहळू कालबाह्य होत गेली. रोजच्या वापरातल्या डेस्कटॉपवर, एएमडीच्या ग्राफिक्स कार्डासह, मी प्रोटॉन दीर्घकाळ वापरतो आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: एकट्याने खेळण्याच्या गेमसाठी लिनक्स हा आज खरोखर चांगला पर्याय आहे. ऑनलाइन स्पर्धात्मक गेमबाबत तसे म्हणता येत नाही, आणि त्याचे मुख्य कारण आता तांत्रिक उरलेले नाही.

वापराच्या बाबतीत सांगण्यासारखे फार थोडे आहे, आणि हीच प्रोटॉनची सर्वांत मोठी जमेची बाजू. विंडोजसाठी बनवलेला गेम स्टीममधून विकत घ्यायचा, डाउनलोड करायचा आणि सुरू करायचा. एखादा गेम अडलाच, तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन प्रोटॉनची दुसरी आवृत्ती निवडता येते आणि पुष्कळदा तेवढ्याने काम भागते. ज्यांना पडद्यामागे डोकवायची हौस आहे, त्यांनी स्टीमच्या फोल्डरातला ‘कंपॅटडेटा’ नावाचा भाग उघडून पाहावा. तिथे प्रत्येक गेमसाठी त्याच्या क्रमांकाचे वेगळे फोल्डर असते आणि त्यात विंडोजच्या सी ड्राइव्हची छोटी प्रतिकृती दिसते. ‘विंडोज’ आहे, ‘प्रोग्राम फाइल्स’ आहे, आणि ‘यूजर्स’मध्ये ‘स्टीमयूजर’ नावाचा एक वापरकर्ताही आहे. आपण विंडोजवरच आहोत असे गेमला वाटते, आणि अनेक गेम आपल्या सेव्ह फाइल तिथेच निमूटपणे ठेवतात. प्रत्येकाची जागा वेगळी असल्यामुळे एका गेमसाठी केलेली खटपट दुसऱ्याला बाधत नाही. पूर्वी विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारे वाइन हाताने जुळवण्यात ज्यांच्या संध्याकाळी गेल्या आहेत, त्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

प्रोटॉनचा पाया वाइनचा, आणि वाइनवरचे काम १९९३ पासून सुरू आहे. वाइन विंडोजच्या आज्ञांचे लिनक्सच्या आज्ञांत रूपांतर करते. संपूर्ण संगणकाची नक्कल त्यात नसते, म्हणून वेगाची फारशी किंमत मोजावी लागत नाही. खरी अडचण ग्राफिक्सची होती. विंडोजवरचे बहुतेक गेम डायरेक्टएक्स या मायक्रोसॉफ्टच्या ग्राफिक्स व्यवस्थेशी बोलतात आणि लिनक्सवर डायरेक्टएक्स नाही. २०१६ मध्ये व्हल्कन हे खुले ग्राफिक्स मानक आले आणि वाट मोकळी झाली. फिलिप रेबोले या प्रोग्रामरने ‘नीअर: ऑटोमाटा’ हा गेम लिनक्सवर खेळता यावा म्हणून डीएक्सव्हीके लिहायला घेतले, ते डायरेक्टएक्स ११ च्या आज्ञा व्हल्कनमध्ये उतरवते. पुढे जुन्या आवृत्त्याही त्यात सामावल्या गेल्या, आणि डायरेक्टएक्स १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन हा वेगळा प्रकल्प उभा राहिला. हे सगळे मुक्तस्रोत आहे. एका माणसाच्या आवडीतून निघालेल्या कामाला एका कंपनीने पैसा आणि माणसे पुरवली, त्यातून हजारो गेमना नवे घर मिळाले, आणि त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

या रूपांतराची एक किंमत शेडरच्या रूपाने दिसते. गेममधला प्रकाश, पाणी, धूर यांचे छोटे प्रोग्राम ग्राफिक्स कार्डाला समजेल अशा भाषेत आयत्या वेळी तयार होऊ लागले, तर चित्र क्षणभर अडखळते. म्हणून स्टीम ते आधीच तयार करून ठेवते. गेम सुरू होण्यापूर्वी ‘व्हल्कन शेडर’वर प्रक्रिया चालू असल्याचा एक पट्टा सरकताना दिसतो. मोठ्या गेमच्या बाबतीत, विशेषतः ड्रायव्हर अद्ययावत केल्यानंतर, हा पट्टा संयमाची परीक्षा पाहतो. तो टाळण्याची सोय आहे, तरीही जुन्या प्रोसेसरवर तो पूर्ण होऊ द्यावा असाच माझा सल्ला आहे. व्हॉल्व्हच्या स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या यंत्रावर, सर्वांचे यंत्र सारखेच असल्याने, तयार शेडर थेट डाउनलोड होतात. २०२२ मध्ये ‘एल्डन रिंग’ आला, तेव्हा विंडोजवर तो अडखळत असताना व्हॉल्व्हच्या दुरुस्त्यांमुळे डेकवर अधिक सुरळीत चालत होता, याचा तेव्हा बराच गाजावाजा झाला होता.

दुसरी उणीव व्हिडिओंची. काही गेममधले कथाभागाचे व्हिडिओ मायक्रोसॉफ्टच्या परवानाबद्ध स्वरूपात असतात, आणि ते उलगडता आले नाहीत की जुन्या टीव्हीवरच्या चाचणीचित्रासारखे रंगीत पट्टे पडद्यावर येतात. असे अनेक व्हिडिओ व्हॉल्व्ह दुसऱ्या स्वरूपात बदलून पुरवते. जिथे तेही पुरत नाही, तिथे जीई-प्रोटॉन ही स्वयंसेवकांनी चालवलेली आवृत्ती उपयोगी पडते.

स्टीम डेकचा उल्लेख केला, कारण आजच्या परिस्थितीचे श्रेय त्याच्याकडेच जाते. लिनक्सवर गेम आणण्याचे प्रयत्न आधीही झाले. लोकी सॉफ्टवेअर ही कंपनी १९९८ मध्ये निघाली, तिने अनेक गेमच्या लिनक्स आवृत्त्या विकल्या आणि २००२ मध्ये ती बंद पडली. व्हॉल्व्हने २०१३ मध्ये लिनक्ससाठी स्टीम अधिकृतपणे आणले, २०१५ मध्ये स्टीम मशीन नावाचे संगणक बाजारात उतरवले, आणि तेही रुजले नाहीत. या सर्वांची भिस्त एकाच गोष्टीवर होती: गेम बनवणाऱ्यांनी लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढावी. ग्राहक थोडे म्हणून आवृत्ती नाही, आणि आवृत्ती नाही म्हणून ग्राहक येत नाहीत, हे दुष्टचक्र त्यातून कधीच सुटले नसते. प्रोटॉनने निर्मात्यांकडे काहीही न मागता, आधीच अस्तित्वात असलेले गेम चालवून दाखवले. म्हणूनच २५ फेब्रुवारी २०२२ रोजी डेकची विक्री सुरू झाली, तेव्हा त्याच्याकडे पहिल्याच दिवशी गेमचा मोठा संग्रह होता. आर्च लिनक्सवर आधारलेल्या स्टीमओएसवर हे हातातले यंत्र चालते, आणि त्यासाठी झालेल्या दुरुस्त्या आपल्या साध्या डेस्कटॉपलाही मिळतात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये स्टीमच्या मासिक पाहणीत लिनक्सचा वाटा पहिल्यांदाच ३ टक्क्यांच्या पुढे गेला.

स्टीमबाहेर घेतलेल्या गेमचे काय, असा प्रश्न येतोच. एपिक आणि जीओजी या दुकानांतल्या गेमसाठी हिरॉइक हे साधन आहे, बाकीच्यांसाठी लुट्रिस. दोन्ही चांगली आहेत, पण स्टीमइतकी निर्धास्त नाहीत.

आता अँटी-चीटकडे वळतो, कारण प्रोटॉनला गुण देताना हात आखडतो तो इथेच. ऑनलाइन गेममधली लबाडी पकडणारी ही सॉफ्टवेअरे विंडोजच्या गाभ्यात शिरून काम करतात, आणि त्या थराचे रूपांतर प्रोटॉन करू शकत नाही. मात्र ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन प्रमुख यंत्रणांनी २०२१ मध्येच प्रोटॉनवर चालण्याची सोय केली. ती सुरू करायची की नाही, हे ज्याच्या त्याच्या निर्मात्याच्या हाती आहे. काहींनी सुरू केली, अनेकांनी केली नाही. ‘फोर्टनाइट’चे निर्माते एपिक हेच ईझी अँटी-चीटचे मालक असूनही तो गेम लिनक्सवर चालत नाही. ‘व्हॅलोरंट’ची व्हॅनगार्ड यंत्रणा लिनक्सला थाराच देत नाही. ‘एपेक्स लेजंड्स’ लिनक्सवर उत्तम चालत होता; ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी, लबाडी करणारे लिनक्सचा आडोसा घेतात असे कारण देऊन, तो बंद करण्यात आला. लिनक्सवर गाभ्याचा कोड कोणालाही बदलता येतो, त्यामुळे पहारा ठेवणे अवघड जाते, हा निर्मात्यांचा मुद्दा मी फेटाळत नाही. पण पैसे देऊन, तासन्‌तास खेळून, मित्रांचा गट जमवलेल्या प्रामाणिक खेळाडूला एका सकाळी दार बंद दिसावे, हे मला अन्यायाचे वाटते. कुठल्याही ऑनलाइन गेमची आजची अवस्था उद्याही टिकेल, असे लिनक्सवर गृहीत धरता येत नाही. मित्रांबरोबर अशाच गेमसाठी जमणाऱ्यांनी विंडोज सोडू नये.

हार्डवेअरबाबत थोडक्यात. एएमडीचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात (कर्नल) आणि मेसा या ग्राफिक्स सॉफ्टवेअरमध्ये आधीच असतात, त्यामुळे वेगळे काही बसवावे लागत नाही. एनव्हिडियाची स्थिती पूर्वीपेक्षा बरीच सुधारली आहे, तरी ड्रायव्हरकडे लक्ष ठेवावे लागते. गेम डिस्कच्या विंडोजसाठीच्या (एनटीएफएस) भागावर ठेवून दोन्हीकडून चालवण्याचा मोह मात्र टाळावा. त्यातून नाना तऱ्हेच्या अडचणी उद्भवतात.

विकत घेण्यापूर्वी प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर खेळाडूंचे अनुभव वाचावेत, आणि त्यातही ताजे अनुभव आधी पाहावेत, कारण दोन वर्षांपूर्वीची तक्रार बहुधा सुटलेली असते. स्टीमवरचा डेकसाठीचा शेरा डेस्कटॉपला जसाच्या तसा लागू करू नये: छोट्या पडद्यावर अक्षरे बारीक दिसतात एवढ्याच कारणाने एखाद्या गेमला ‘व्हेरिफाइड’ऐवजी ‘प्लेएबल’ ठरवलेले असू शकते. तरीही शंका उरली, तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे स्टीम परत करते, तेव्हा पहिल्या दोन तासांत ग्राफिक्स, कंट्रोलर, व्हिडिओ आणि ऑनलाइन भाग हे सर्व तपासून घ्यावे.