त्वचेचं मॉडेल घ्या, जखमांचा बोर्ड राहू द्या

जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी त्वचेचं मोठं प्लास्टिक मॉडेल आणि त्याच्या सेटमध्येच येणारा सिलिकॉनचा जखमांचा बोर्ड, असं दोन्ही मागवलं होतं. खोका सावंतवाडीपर्यंत धड पोहोचला. कंपनीचं नाव देत नाही, कारण हाच माल निरनिराळ्या लेबलांखाली मिळतो.

आधी मॉडेलबद्दल. पैसे वसूल. अर्ध्या भागात केस असलेली त्वचा, अर्ध्या भागात तळव्याची. एपिडर्मिस म्हणजे त्वचेचा बाहेरचा भाग. तिच्या पाच थरांपैकी स्ट्रॅटम ल्युसिडम फक्त तळहात-तळपायाच्या जाड त्वचेत असतो, पण पुस्तकात पाचही थर एकाखाली एक छापलेले असतात आणि मुली तो गालावरसुद्धा शोधतात. इथे दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या की प्रश्न मिटतो. लाल-निळ्या वाहिन्या डर्मिसच्या, म्हणजे एपिडर्मिसखालच्या जाड भागाच्या, वरच्या उंचवट्यांपर्यंत येऊन थांबतात, एपिडर्मिसमध्ये एकही शिरत नाही. अगदी वरचेवर खरचटलं तर रक्त का येत नाही, हे मग सांगावं लागत नाही.

पण खरी कमाई आहे ती केसाच्या मुळाची. ते डर्मिसमध्ये खोलवर उतरलेलं दिसतं आणि त्याला एपिडर्मिसचंच अस्तर असतं. आमच्याकडे काजूच्या कारखान्यातल्या बायका टरफलातलं तेल हाताला लागून फोड आलेल्या येतात. फोड फुटला तरी त्वचा बहुतेक वेळा चांगली भरते, कारण खाली ही मुळं आणि घामाच्या नळ्या शाबूत असतात. नव्या पेशी तिथून ठिकठिकाणी वर येतात. डर्मिस पूर्ण गेली की मात्र फक्त कडेकडून सरकत यायचं. मॉडेलवर बोट ठेवून हे सांगितलं की मुलींच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं, समजलं ते.

खोड एकच. आकड्यांचा तक्ता साध्या कार्डावर छापलाय. आपल्याकडच्या पावसात त्याला बुरशी येणारच, आल्याबरोबर लॅमिनेट करून घ्या.

आता बोर्ड. चार चौकोन: रक्त थांबणं, दाह, भरून येणं, पक्कं होणं. दिसायला देखणा. ग्रॅन्युलेशनचे, म्हणजे जखम भरताना येणाऱ्या नव्या मांसाचे, लाल, ओलसर दाणे तर खरोखर छान जमलेत. पण चारही चौकोनांची त्वचा गुलाबी! दाहाचा लालसरपणा गुलाबी कातडीवर उठून दिसतो, आपल्या सावळ्या पेशंटच्या माकडहाडावर नाही. तिथे रंग नुसता काळपट किंवा जांभळट होतो, कधी तोही नाही. हाताच्या पालथ्या बाजूने ऊब बघायची, दाबून कडकपणा बघायचा, दुखतंय का विचारायचं आणि शेजारच्या त्वचेशी ताडून बघायचं. बोर्डावर शिकलेली मुलगी पहिल्या टप्प्यातला बेडसोर (पडून राहून दाबाने होणारी जखम) सोडून देईल, आणि सापडेल तेव्हा कातडी फुटलेली असेल.

दुसरी तक्रार बोर्डावर छापलेल्या दिवसांची: दाह तीन दिवस, भरणं एकविसाव्या दिवसापर्यंत, पुढे पक्कं होणं. मुली ते एसटीच्या वेळापत्रकासारखं पाठ करतात. प्रत्यक्षात टप्पे एकमेकांत शिरलेले असतात. न्यूट्रोफिल्स (जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) पहिल्या काही तासांतच येतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मॅक्रोफेज (घाण साफ करणाऱ्या पेशी) भारी पडतात आणि त्यांचं काम चालू असतानाच फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजनचे, म्हणजे त्वचेला ताकद देणारे, धागे विणू लागतात. डायबेटिक पायाची जखम तर आठवडेच्या आठवडे दाहातच अडकून राहते. एका कडेला लाल दाणे आणि मध्ये पिवळा स्लफ (मेलेल्या पेशींचा थर), असंही असतं. बोर्डावर स्लफ आणि पू एकाच पिवळ्या रंगात आहेत, तेव्हा तो भेद शिकवायचा विचारही करू नका.

चौथा चौकोन मला सगळ्यात खटकला. ओढून बघा, इतर सिलिकॉनइतकाच चिवट लागतो. खऱ्या व्रणात टाइप तीनचं नाजूक कोलॅजन जाऊन टाइप एकचं बळकट यायला वर्ष किंवा जास्तही लागतं, आणि तरी ताकद मूळ त्वचेच्या जास्तीत जास्त 80 टक्क्यांपर्यंतच पोहोचते. सिझर झालेल्या बाईला टाके निघाल्यावरही पाण्याची कळशी उचलू नको असं का सांगायचं, ते यातून कळायला हवं होतं.

आणि ओलाव्याबद्दल अवाक्षर नाही. वॉर्डात रोज ऐकू येतं, "जखमेक वारो लागांदे गो, बेगीन सुकतली." 1962 साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर दाखवून दिलं की झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमेवर नवी एपिडर्मिस उघड्या जखमेच्या साधारण दुप्पट वेगाने चढते. कोरड्या खपलीखालून पेशींना वाट पोखरत जावं लागतं. हे समजावायलाही शेवटी मॉडेलच पुढे ओढावं लागलं.

आमच्या विक्रेत्याने मॉडेल सुटं द्यायला नकार दिला. तुम्ही दुसरीकडे विचारा, सुटं मिळतं. टप्प्यांसाठी पेशंटची लेखी परवानगी घेऊन, चेहरा न येता, एकाच जखमेचे दर ड्रेसिंगला मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो दाखवा. आमचा बोर्ड सध्या चिकटपट्टी लावायच्या सरावाला दिलाय. त्या कामाला उत्तम आहे.