चंद्रावरचे पाणी की लघुग्रहावरचे?

अंतराळ वसाहतींना पाणी पुरवण्याचा व्यवसाय करायचा झाल्यास चंद्र आणि पृथ्वीजवळचे लघुग्रह हे दोन पर्याय समोर येतात. चंद्राच्या ध्रुवांजवळील कायम सावलीतल्या विवरांत बर्फ आहे, हे 2009 मध्ये नासाच्या एलक्रॉस मोहिमेने कॅबियस विवरात रॉकेटचा रिकामा टप्पा आदळवून दाखवून दिले. मात्र तिथे उणे 170 अंश सेल्सिअसहूनही कमी तापमानात, सूर्यप्रकाशाविना यंत्रे चालवावी लागतील आणि माल चंद्राबाहेर न्यायचा तर सेकंदाला सुमारे 2.4 किलोमीटर वेग गाठावा लागेल. लघुग्रहाचे गुरुत्वाकर्षण नगण्य असल्याने तो खर्च वाचतो, पण पाणी बहुधा चिकणमातीसारख्या खनिजांत बांधलेले असते. शिवाय भांडवल वर्षानुवर्षे अडकते: नासाचे ऑसायरिस-रेक्स यान 2016 मध्ये निघाले आणि 2023 मध्ये बेन्नू या लघुग्रहावरून पृथ्वीवर आले ते जेमतेम 121.6 ग्रॅम नमुने! पहिले ग्राहक चंद्रावरच असतील, असे धरले तर माझे झुकते माप चंद्राला आहे.