रात्री दारं धरायला कुठली बॅटरी घ्यावी?

वाळवा-पलूसकडं उसाला रात्री पाणी पाजणाऱ्याची बॅटरी कधी ना कधी पाटात पडतेच. मग दुकानात दोन ठेवल्या तर कुठली उचलायची? एकीच्या अंगातच चार्जिंगची खाच आणि तिच्यावर रबरी टोपी. दुसरीचा सेल काढून वेगळ्या चार्जरवर लावायचा.

डब्यावरचा आकडा आधी बघा. आयपीएक्स४ म्हणजे उडालेलं पाणी सोसेल, एवढंच. आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. आयपीएक्स८ त्याहून कडक, पण किती खोल आणि किती वेळ हे बनवणारा ठरवतो, म्हणून ते वाचूनच घ्या. गंमत अशी, की बुडून टिकणारी बॅटरी जोराच्या धारेखाली टिकेलच असं नाही. धारेची परीक्षा वेगळी, ५ आणि ६ आकड्यांची. चिखल धुवायला बॅटरी मोटरच्या धारेखाली धरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

शिवाय ही परीक्षा नव्या मालाची असते. खाचेवरची टोपी रोज उघडून सैल पडते. माझी पहिली बॅटरी तशीच गेली: टोपी अर्धवट बसलेली, बॅटरी पाटात, आणि आठवड्यानं आतलं तांबं हिरवं. दुसऱ्या प्रकारात ही खाचच नाही. पाणी शिरलं तर काचेकडून, मागच्या बटणाच्या रबरातून, नाहीतर आट्यांतून. शेतासाठी मी तीच घेईन. घरात लाईट गेल्यावर लागणारी असेल तर खाचेवालीच सोयीची, उगाच जास्त पैसे घालू नका.

पण सेल काढायचा म्हणजे आटे सारखे उघडणार, आणि तिथल्या ओ-रिंगकडं, म्हणजे पाणी अडवणाऱ्या गोल रबरी कडीकडं, बघावंच लागणार. रिंग नखानं काढा, सुईनं नको. बारीक चरा पडला तरी पाणी वाट काढतं. रिंग आणि आटे कोरड्या फडक्यानं पुसा. रिंग चपटी झाली असेल किंवा ताणल्यावर भेगा दिसल्या तर बदला. नवी घेताना जुनी सोबत न्या, जाडी थोडी जरी कमी भरली तरी उपयोग नाही.

वर सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवल्यासारखा पातळ थर पुरे. जाड थापलं की वाळू चिकटते. बहुतेक काळ्या रिंगा नायट्राइल रबराच्या, त्यांना हे चालतं. रिंगच सिलिकॉनची असेल तर मात्र याच ग्रीसनं फुगते. व्हॅसलीन ईपीडीएम नावाच्या दुसऱ्या एका रबराला फुगवतं, म्हणून रबर ओळखता येत नसेल तर ते लावू नका.

पूर्ण उजेडावर तापलेली बॅटरी गार पाण्यात पडली की आतली हवा आकसते आणि कमजोर रिंगेतून पाणी ओढून घेते. अशी पडली तर बंद करून बाहेरून पुसा, तोंड खाली धरून उघडा आणि सेल काढा. आत ओल दिसली तर पूर्ण सुकेपर्यंत सेल परत घालू नका. खाचेवाली असेल तर तोवर चार्जिंगलाही लावू नका.