तंगूस, गिअर वायर की रेशीम? पहिली माळ कशात ओवाल

ठाण्यातल्या जांभळी नाक्यावर मणी घ्यायला गेलं की तासभर रंग निवडण्यात जातो आणि दोरा मात्र ‘द्या हो कुठलाही’ म्हणून पिशवीत पडतो. मीही तेच केलं. सहा एमएमचे निळे काचमणी, तंगुसाचं एक रीळ, एक हुक. टीव्हीवरची मालिका संपायच्या आत माळ तयार! चौथ्या दिवशी सकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर ती तुटली आणि मणी पायऱ्यांवरून टणाटण उड्या मारत गेले. संध्याकाळी कपड्यांत अडकलेले अकरा सापडले. १८ इंची माळेला सहा एमएमचे साधारण ७५ लागतात.

तंगूस म्हणजे नायलॉनचा, मासे पकडायच्या गळाला लावतात तोच दोरा. टोक ताठ, त्यामुळे सुईसुद्धा लागत नाही. पण अंगानं गुळगुळीत असल्यानं साधी गाठ हळूहळू सुटते आणि काचमण्याच्या भोकाची कड धारदार असली तर तिथे तो कापला जातो. लाकडाचे, प्लास्टिकचे हलके मणी असतील किंवा पोरीला गॅदरिंगपुरती माळ हवी असेल, तर खुशाल तंगूस घ्या. दोन-तीन गाठी मारा आणि उरलेलं टोक चार-पाच मण्यांतून उलटं ओवून मगच कापा.

काचेला आणि खड्यांना मात्र गिअर वायरच. स्टीलच्या बारीक तारांचा पीळ आणि वर नायलॉनचा थर, त्यामुळे ती सहजी कापली जात नाही. हिला गाठ मारायची नसते. गिअर लॉक नावाचा इवलासा धातूचा मणी मिळतो. वायर त्यातून काढायची, हुकच्या कडीतून फिरवून पुन्हा त्याच लॉकमधून मागे आणायची आणि चपट्या तोंडाच्या पकडीनं लॉक दाबून टाकायचा. दाताने दाबू नका, मी करून बघितलंय. दुसरं टोक बंद करताना दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवा, नाहीतर माळ गळ्यावर पडतच नाही, कडं घातल्यासारखी ताठ उभी राहते. वायर एकदा मुडपली की ती घडी जात नाही, हा हिचा दोष.

रेशीम दिसायला सगळ्यांत देखणं, पण काम चिकाटीचं. प्रत्येक मोत्यानंतर गाठ. सैल गाठीत टाचणी घालायची, टाचणीनं ती मोत्यापर्यंत सरकवायची, मग टाचणी काढून घट्ट ओढायची. दोरा माळेच्या दुपटीहून जास्त घ्यावा लागतो. त्या गाठींमुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटलाच तर एखादाच मोती पडतो. मात्र आपल्याकडच्या घामानं रेशीम मळतं, सैल पडतं, रोज वापरलं तर अधूनमधून पुन्हा गाठवावं लागतं. आईचे खरे मोती असतील तर पहिल्याच प्रयत्नात त्यांना हात लावू नका, पटवेकऱ्याकडे, म्हणजे दागिने गाठवून देणाऱ्याकडे द्या.

इलास्टिक? मनगटाला ठीक. गळ्यात मण्यांच्या वजनानं ओघळतं.

पहिल्यांदाच करताय आणि मणी काचेचे आहेत, तर मी गिअर वायर सांगेन. पकडीचा खर्च एकदाच होतो. आणि मणी दहा-पंधरा जास्तच घ्या. त्या निळ्यासाठी मी पुन्हा नाक्यावर गेले तर त्याच नावाचा निळा मिळाला, पण छटा वेगळी निघाली.