काळोखातला दशावतार आणि खिशाला परवडणारी फास्ट लेन्स: एफ/१.१, एफ/१.४ की एफ/२?

तुळशीचं लग्न आटोपलं, जत्रा सुरू व्हायला चार दिवस उरले होते, आणि देवगडहून मामेभावाचा फोन. त्याने नुकताच सेकंडहँड फोक्टलेंडर बेसा आर२ए हा फिल्मचा कॅमेरा घेतलाय. सोबत एफ/२.५ ची एक बारकी लेन्स आली. (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं आणि उजेड जास्त; अशा लेन्सला फास्ट म्हणतात.) आता त्याला दशावतार टिपायचाय. "दादा, ती फिफ्टी एक पॉइंट एक घेव काय? काळोखात फोटो गावतले मा?"

म्हणजे ५० एमएमची एफ/१.१ लेन्स. फोनवर म्हटलं, थांब जरा. का थांब, ते सांगायला फोन पुरला नाही, म्हणून हे लिहितोय. असाच प्रश्न घेऊन बसलेले आणखी दोघे-तिघे ओळखीत आहेत.

आधी काळोख म्हणजे नेमका किती ते बघू, कारण लेन्सची सगळी चर्चा तिथेच निकाली निघते. दशावतारात उजेडाच्या दोन जागा. एक रंगमंच. तिथे आता हॅलोजन किंवा एलईडीचे फ्लड असतात, सामान म्हणून एक बाकडं, बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. या उजेडात ४०० ची फिल्म १६०० ला ढकलली, म्हणजे १६०० ची समजून वापरली आणि जास्त वेळ धुतली, तर एफ/२ ला १/२५० सेकंदाचं शटर सहज मिळतं. म्हणजे रंगमंचासाठी एफ/२ पुरून उरते. उगाच १.१ च्या मागे लागायचं कारणच नाही.

दुसरी जागा रंगपट. खरे फोटो तिथे आहेत. देवळाच्या मागची पडवी किंवा शाळेची एक खोली, भिंतीला टेकलेले पेटारे, वर एकच बल्ब. नट मांडी घालून बसलेला, एका हातात तळव्याएवढा आरसा, दुसऱ्या हाताचं बोट भुवईवर. थोड्या वेळाने जो द्रौपदी होणार आहे तो लुंगीवर बसून विडी ओढत ओठ रंगवतोय. गेल्या वर्षी अशाच खोलीत उजेडाचा मीटर धरला: ४०० च्या फिल्मला एफ/१.४ आणि १/३०. म्हणजे एफ/२ ला १/१५, एफ/२.५ ला जेमतेम १/१०. आरशात बघणारा माणूस स्थिर बसलेला असतो, पण काजळ घालणारं बोट स्थिर नसतं. १/१५ ला चेहरा येतो, बोट विरघळतं. फिल्म १६०० ला ढकलली की हेच आकडे १/१२५, १/६० आणि १/४० च्या आसपास जातात. म्हणजे मामेभावाची आत्ताची लेन्सही अगदीच टाकाऊ नाही, फक्त तिच्यासाठी फिल्म ढकलावीच लागते, आणि मग सावल्यांत काही उरत नाही.

आता त्या १.१ कडे वळू. सेव्हनआर्टिझन्स या चिनी कंपनीची ५० एमएम एफ/१.१ लायकाच्या एम माउंटवर, म्हणजे लेन्स जोडायच्या खाचेवर बसते (बेसालाही तीच आहे), आणि बाजारात आली तेव्हा चारशे डॉलरच्या आत होती. एवढ्या पैशांत एवढी मोठी काच मिळते म्हटल्यावर कुणाचाही हात खिशाकडे जाईल. माझाही गेला होता. एका मित्राची लेन्स आठवडाभर वापरली आणि मग कागदावर हिशेब मांडला. ३५ एमएमच्या एफ/१.४ पेक्षा या एफ/१.१ ने साधारण पाऊण स्टॉप उजेड जास्त मिळतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). पण ५० एमएम लेन्स ३५ पेक्षा सगळं जवळ आणते, म्हणून हात हललेलाही जास्त दिसतो. ३५ ला हातात १/३० जमत असेल तर ५० ला तेवढ्याच खात्रीसाठी १/४५ च्या आसपास लागतो, म्हणजे अर्धा स्टॉप तिथेच गेला. हातात उरतो तो पाव स्टॉप, आणि त्यासाठी दुपटीच्या आसपास वजन गळ्यात. व्ह्यूफाइंडरच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात लेन्सचं टोपडं घुसतं ते वेगळंच, आणि बाकड्यावर बसलेला राक्षस संकासुर नेमका त्याच कोपऱ्यात असतो.

हे एक वेळ चालवून घेता येईल. फोकस चालवून घेता येत नाही. एसएलआरमध्ये लेन्स जितकी उजळ तितकं फोकस करणं सोपं, कारण डोळा लेन्समधूनच बघत असतो. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात (बेसा आणि लायका एम हे असलेच) तसं नाही. तिथे डोळा बघतो वेगळ्या खिडकीतून, मधल्या पॅचमध्ये दोन प्रतिमा एकावर एक आणायच्या, आणि लेन्स कितीही उजळ असली तरी तो पॅच तसाच राहतो. उलट लेन्स जितकी फास्ट तितकी चूक करायला जागा कमी. दीड मीटरवर ५० एमएमला एफ/१.१ वर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढे-मागे शार्प दिसणारा पट्टा, जेमतेम सहा सेंटीमीटर. ३५ एमएमला एफ/१.४ वर पंधरा, एफ/२ वर बावीस. सहा सेंटीमीटरात नाक शार्प आणि कान गेले. नट आरशाकडे जरा झुकला की नाकही गेलं.

त्यात आमच्या मामेभावाचा कॅमेरा बेसा. रेंजफाइंडर किती अचूक फोकस करेल हे त्याच्या बेसवर ठरतं, म्हणजे दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले व्ह्यूफाइंडरचं मॅग्निफिकेशन. बेसा आर२ए मध्ये हे ३७ मिलीमीटर गुणिले ०.७, म्हणजे साधारण २६. लायका एम६ च्या ०.७२ वाल्या फाइंडरचा बेस ५० च्या आसपास येतो, आणि १९५४ च्या एम३ चा ६२. बेसा वाईट कॅमेरा नाही, ३५ ला तो छान चालतो. पण ५० एमएम एफ/१.१ साठी तो नव्हेच. नाजूक वजन करायला सोनाराचा काटा लागतो, मासळीचा नाही.

सेव्हनआर्टिझन्सच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. लेन्सचा कॅम, म्हणजे रेंजफाइंडरला फोकस कळवणारा मागचा भाग, घरच्या घरी जुळवता येतो. सोबत पेचकस आणि तक्ता येतो, मागचे बारीक स्क्रू सैल करून फोकस पुढे-मागे सरकवायचा. लायकाचा डिजिटल एम कॅमेरा असणाऱ्याला हे तासाभराचं काम. स्क्रीनवर बघायचं, फिरवायचं, पुन्हा बघायचं. फिल्मवाल्याला प्रत्येक फेरीला रोल धुवावा लागतो. म्हणून डिजिटल बॉडी असेल, सहा सेंटीमीटरचा तो विरघळलेला चेहराच हवा असेल आणि पोर्ट्रेट हाच छंद असेल, तर ही लेन्स घ्या. तिच्यातून निघणारं चित्र देखणं असतं, हे मी नाकारत नाही.

स्वस्ताचा दुसरा रस्ता सोव्हिएत जुपिटर-३ चा, ५० एमएम एफ/१.५, झाइस कंपनीच्या 'सोनार' नावाच्या लेन्सवरून बेतलेली. मी तिच्यात भाजलोय. एका विक्रेत्याने 'मिंट', म्हणजे नव्यासारखी, म्हणून पाठवलेली लेन्स पॅच जुळवून फोटो काढला की एक मीटरवर नाकाऐवजी खांद्यावर फोकस द्यायची. एक आख्खा रोल घरच्या आजीचा काढला होता, त्यात आजी कुठेच शार्प नाही, मागचं तुळशीवृंदावन मात्र लखलखीत. सोव्हिएत कॅमेऱ्यांचं माप लायकाच्या मापाशी तंतोतंत जुळत नाही, त्यात कित्येक लेन्स मध्ये कुणी ना कुणी उघडून पुन्हा बसवलेल्या. शिवाय ३९ मिलीमीटरच्या स्क्रू माउंटसाठी अॅडॅप्टर वेगळा. हजारात एखादी सोन्यासारखी निघते, आणि ज्याला ती मिळते तो बाकी सगळ्यांना जुपिटर घ्या म्हणून सांगत सुटतो. त्याचं ऐकू नका.

उरल्या दोन. दोन्ही फोक्टलेंडरच्या, दोन्ही जपानची कोसिना बनवते, दोन्ही ३५ एमएम. नोक्टन क्लासिक एफ/१.४ आणि अल्ट्रॉन एफ/२. खरी निवड यांच्यातच आहे.

नोक्टन दिसायला आणि वागायला जुन्या लायका समलक्सच्या घराण्यातली. नवी ३५ एमएम समलक्स घ्यायची म्हटली तर तिच्या पैशांत नोक्टन सात-आठ येतील. वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, फाइंडरमध्ये घुसत नाही. एफ/१.४ ला ती मऊ आहे. बल्ब फ्रेममध्ये असला तर त्याच्याभोवती धुकट वलय येतं. रंगपटाच्या फोटोत मला ते आवडतं. निवती किंवा भोगव्याच्या समुद्रावर रात्री दिवे टिपायचे असते तर आवडलं नसतं. देवळाच्या खांबांसारख्या सरळ रेषा फ्रेमच्या कडेला जरा फुगतात. आणि तिची एक खोड आधी कळलेली बरी: अपर्चर बंद करत नेलं की फोकसची पातळी मागे सरकते. एफ/१.४ ला नेमका बसलेला फोकस एफ/२.८ ला किंचित मागे जातो, एफ/५.६ च्या पुढे डेप्थ वाढते म्हणून कळत नाही. पहिल्या वर्षी मला वाटायचं हातच बिघडला. आता रंगपटात थेट १.४ ला आणि उन्हात ८ ला वापरतो, मधले आकडे टाळतो. २०१९ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. पैसे पुरत असतील तर तीच बघा.

नोक्टन सिंगल कोटेड आणि मल्टीकोटेड (काचेवर चकाकी रोखणारा एक थर किंवा अनेक थर) अशा दोन्हीत मिळते. ब्लॅक अँड व्हाइटवाले सिंगलचं गुणगान गातात, सावल्या मोकळ्या राहतात म्हणून. पण हॅलोजन समोरून डोळ्यात मारत असताना मला मल्टीकोटेडच बरी वाटते.

अल्ट्रॉन एफ/२ ही याहून आधुनिक आणि शिस्तीची. १७० ग्रॅम, पूर्ण उघडी असतानाही कडेपर्यंत नीटस, आणि फोकस ५८ सेंटीमीटरपर्यंत जवळ जातो, नोक्टनचा ७० ला थांबतो. बहुतेक बॉडींवर रेंजफाइंडर ७० च्या खाली जुळत नाही, त्यामुळे ते जवळचं अंतर मिळतं ते लाइव्ह व्ह्यूवाल्यांनाच, म्हणजे स्क्रीनवर बघून फोकस करणाऱ्यांना. हर्णै बंदरावर संध्याकाळी लिलाव चालतो, टोपल्यांभोवती बायांचा गराडा, उजेड उतरत आलेला. तिथे मी कधीही अल्ट्रॉनच निवडेन. एक स्टॉप कमी, पण भरवशाचा. आणि तुमची बॉडी डिजिटल असेल तर तो एक स्टॉप आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवून भरून काढता येतो. १६०० चं ३२०० केलं तर आजच्या सेन्सरचं काही बिघडत नाही. फिल्मवाल्याला तशी मोकळीक नाही. एचपी५ ही ४०० ची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म १६०० पर्यंत मी बिनधास्त ढकलतो, त्यापुढे चेहऱ्यावर वाळू ओतल्यासारखी दिसते. (मे महिन्यात घरी फिल्म धुताना नळाचं पाणी तिशीला टेकतं. केमिकल २० अंशांवर आणायला मी बंदरावरून बर्फ आणतो. बाहेरच्या टबात, पिशवीत बांधून. तरी बायको म्हणते निगेटिव्हना बांगड्याचा वास येतो.)

फास्ट लेन्सने शटर वाढवता येतं म्हणून खूश होण्याआधी आणखी एक गोष्ट. जुन्या चोकवाल्या ट्यूब आणि काही स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. तिथे १/१२५ किंवा त्याहून जलद शटर लावलं तर एक फ्रेम उजळ आणि पुढची काळी निघते. ट्यूबखाली मी १/५० च्या वर जात नाही. म्हणजे तिथेही त्या जादा उजेडाचा उपयोग व्हायचा तेवढा होत नाही.

उलट दिवसा फास्ट लेन्स अडचणच करते. वाळूवर भर दुपारी ४०० ची फिल्म घातली असेल आणि शटर १/१००० च्या वर जात नसेल, तर लेन्स एफ/११ पेक्षा जास्त उघडताच येत नाही. १.४ चे पैसे मोजले, वापरलं ११. आणि कापडी पडद्याच्या कॅमेऱ्यात अनंतावर फोकस केलेली उघडी लेन्स सूर्याकडे तोंड करून राहिली, तर भिंगाने कागद जाळावा तसं पडद्याला भोक पडतं. बेसाचा पडदा धातूचा आहे, मामेभावाला ही काळजी कमी. लायकावाल्यांनी किनाऱ्यावर टोपण लावूनच फिरावं.

आणि कोकणात लेन्स घेणाऱ्याने बुरशीचा हिशेब आधी करावा. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर पांढरं येतं, तेच काचेवर येतं. चामडी केसमध्ये लेन्स ठेवणं म्हणजे बुरशीला आवतण देणं. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल; रंग बदलणारं घ्यायचं, रंग उतरला की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा डब्यात. आठवड्याला एकदा लेन्स काढून उजेडात धरायची. मी म्हणूनच सेकंडहँड लेन्स ऑक्टोबरनंतर घेतो, म्हणजे पावसाळा लागेपर्यंत सहा-सात महिने ती रोज हातात राहते.

मग मामेभावाला काय सांगितलं? बेसा आहे, फिल्म आहे, रंगपट हवाय: नोक्टन ३५ एफ/१.४, मल्टीकोटेड, सेकंडहँड. डिजिटल एम असता तर अल्ट्रॉन सांगितली असती. ज्याच्या गावात आता एलईडीचा लख्ख रंगमंच आहे आणि ज्याला मागच्या खोलीत जायचंच नाही, त्यालाही अल्ट्रॉनच.

घेताना टॉर्च मागून मारून काचेत जाळी किंवा धुकं बघायचं, अपर्चरच्या पात्यांवर तेल बघायचं, आणि परत करायची मुदत संपायच्या आत फोकस तपासायचा. त्यासाठी रोल घालवू नका. कॅमेऱ्याची पाठ उघडा, फिल्म जिथून जाते त्या रुळांवर धुरकट सेलोटेपची एक पट्टी ताणून चिकटवा, शटर बी वर उघडं ठेवा, एक मीटरवर शिंप्याचा टेप तिरका लावून त्यातल्या एका आकड्यावर पॅच जुळवा. मग भिंगाने त्या पट्टीवर बघा, तोच आकडा शार्प आहे की शेजारचा. मामेभावाने टेप मिळेना म्हणून आईच्या देवघरातली पोथी तिरकी ठेवून तपासलं. तिसऱ्या ओळीवर धरलेला फोकस तिसऱ्याच ओळीवर होता, तेवढ्यावर त्याने पैसे दिले.