दादाला ठेवलंय ते निवासी केंद्र, नाशिकच्या बाजूचं – आमचा अनुभव

नाव लिहीत नाहीये कारण तक्रारी पण आहेत. माझा दादा चाळिशीचा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (सीपी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसणं), बोलता येत नाही पण समजतं सगळं. आईबाबांना आता त्याला उचलून बाथरूमला नेणं झेपत नाही, म्हणून हा निर्णय घेतला.

सगळ्यात आवडलं ते जेवण, म्हणजे चव नाही, भरवायची पद्धत. ताई समोर खुर्ची घेऊन बसतात, उभ्या राहून वरून चमचा कोंबत नाहीत. सीपीवाल्यांना गिळायला त्रास असतो, मान मागे गेली की घास श्वासनलिकेत जायची भीती आणि त्यातून न्यूमोनिया होतो, हे घरात असं माणूस असलेल्यांना माहितीच असेल. इथे पाठ सरळ, हनुवटी जराशी खाली, वरणभात मऊ कालवलेला, आधीचा घास गिळला हे बघूनच पुढचा, आणि जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं करत नाहीत. घाई नाही म्हणजे नाहीच. सकाळी दोन शर्ट समोर धरतात आणि तो कुठे बघतो त्याची वाट बघतात, त्याला वेळ लागतो पण थांबतात!! आमच्या घरी आई जो हाताला येईल तो घालायची, आता दादाला निळाच आवडतो हे सगळ्यांना कळलंय. मला तर टाइल्स, गार्डन, टीव्ही यापेक्षा हे थांबणं जास्त मोलाचं वाटतं.

आता तक्रारी. रॅम्प फारच चढा आहे, नियमाप्रमाणे एक फूट उंचीला बारा फूट लांबी पाहिजे, इथे त्याच्या निम्मीपण नसेल, व्हीलचेअर उतरवताना दोघं लागतात. डायपरचे पैसे वेगळे लावतात, हे अ‍ॅडमिशनच्या वेळी कोणी बोललं नव्हतं. मागितल्यावर हिशोब देतात, तेवढं चांगलं.

कागदपत्रांचं पण सांगते, यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आधी काढून ठेवा. निरामय विमा घ्या, नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारी संस्थेचा आहे, वर्षाला 1 लाखापर्यंत कव्हर, थेरपीचा खर्चही त्यात बसतो आणि आधी मेडिकल टेस्ट लागत नाही. ऑटिझम, सीपी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे तो. आणि 18 पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्याच्या लोकल लेव्हल कमिटीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो, कलेक्टर असतात त्यात. आईबाबा धडधाकट असतानाच करून घ्या.

बघायला जाल तर जेवणाच्या वेळीच जा, ऑफिसात चहा पिऊन काही कळत नाही. रात्री मात्र पूर्ण मजल्याला एकच अटेंडंट असतो, ही मोठी कमी आहे. दादाला कूस बदलून द्यावी लागते नाहीतर बेडसोअर (एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमा) होतात, आम्ही सांगून सांगून वेळा लिहायची वही सुरू करून घेतली, आता बरं चाललंय. पण तुमच्या माणसाला रात्री फिट्स येत असतील तर सध्या तरी इथे ठेवू नका.